बनियनमधला इसम

"अहो, जाता जाता हा कॅमेरा घेऊन जा आणि पडद्यांचे फोटो तेवढे धुऊन आणा."

"डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो धूत नाहीत. छापतात," पडताळेसाहेब बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले.

"बरं बाबा, छापून आणा. पण फक्त पडद्यांचेच. बाकीचे माझे आहेत."

कॅमेरा पत्त्यांच्या कॅटाएवढा होता. चंदेरी, चपटा, मनगटात अडकवायला काळी दोरी. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा, "माझ्या फोनमध्ये सगळं आहे, हा तू वापर," म्हणून आईच्या हातात ठेवून गेली होती. आई घरी पडदे शिवून द्यायची. कुणाची खिडकी केवढी, कुठल्या खिडकीला कुठलं कापड, हे लक्षात राहावं म्हणून तिने फोटो काढायला सुरुवात केली आणि हळूहळू तिचा हात बसला. मग उतू गेलेलं दूध, कुंपणावर झोपलेलं मांजर, दोरीवर एकटाच राहिलेला मोजा, काहीच तिच्या तावडीतून सुटेना. कॅमेरा सदैव पर्समध्ये नाहीतर गाउनच्या खिशात.

पडताळेसाहेबांचे फोटो मात्र तिला जमत नसत. बटण दाबलं की भिंग 'झुईं' करून बाहेर यायचं, आणि तो आवाज कानावर पडताच साहेब ताठ. हनुवटी वर, ओठ मिटलेले, नजर नाकासमोर.

"अहो, जरा हसा की!"

"हसलेला फोटो चालत नाही."

"कुठे चालत नाही? आपल्या घरात?"

पण त्यांचाही इलाज नव्हता. फोटो आणि माणूस एकच आहेत की नाहीत हे ठरवण्याचाच त्यांना पगार होता. बँकेत काचेमागे बसायचं, पासबुकावरचा फोटो बघायचा, समोरचा चेहरा बघायचा, आणि "जुळतंय" किंवा "जुळत नाही" एवढंच बोलायचं. पडताळे हे त्यांचं आडनावही नव्हतं. ते पडताळणीमुळे चिकटलेलं नाव होतं, आणि इतकं घट्ट चिकटलं होतं की नव्या मॅनेजरसाहेबांनी त्यांची रजा त्याच नावाने मंजूर केली होती. फोटोत मिशी आणि माणसाला नाही, म्हणून ते माणसाला मिशी वाढवून यायला सांगत. आपली नजर चुकत नाही याचा त्यांना अभिमान होता.

फोटोचं दुकान बँकेच्या समोरच होतं. दुकानदार म्हणाला, "कुठले छापायचे तेवढे शोधून आणा." म्हणून दुपारी डबा खाऊन झाल्यावर ते जागेवर बसले आणि कॅमेऱ्याचं बटण दाबत एकेक फोटो पुढे सरकवू लागले. खिडकी. खिडकी. मांजर. खिडकी. मोजा. आणि मग त्यांचं बोट थांबलं.

त्यांच्याच घराची गॅलरी होती. त्यांचीच वेताची खुर्ची होती. आणि त्या खुर्चीत, कॅमेऱ्याकडे पाठ करून, एक टकला इसम बनियनवर बसला होता.

टक्कल साधंसुधं नव्हतं. डोक्याच्या मागच्या बाजूला चांगली बशीएवढी चकाकती जागा, भोवती विरळ केसांची झालर. पडताळेसाहेबांच्या घराण्यात टक्कल नव्हतं. त्यांचे वडील सत्तराव्या वर्षीही भांग पाडत, आणि ते स्वतः रोज सकाळी आरशासमोर उभं राहून कपाळावरचे दाट केस मागे फिरवत, तेव्हा त्यांना दिवसातलं पहिलं समाधान लाभत असे.

त्यांनी पुढचा फोटो सरकवला. तोच इसम, जरा जवळून. त्याच्या पुढचाही त्याचाच. कोवळं ऊन त्याच्या खांद्यावर पडलेलं. त्यांनी बटण दाबून चित्र मोठं केलं, आणि एकेक गोष्ट दिसू लागली तसतसे ते कॅमेऱ्यावर आणखी वाकत गेले. इसमाच्या हातात त्यांचा पेपर होता. कठड्यावर त्यांचा कप होता, कान तुटलेला. एका पायावर दुसरा पाय टाकलेला, आणि वरच्या पायाच्या अंगठ्याला लटकत होती त्यांचीच चप्पल.

"या माणसाला स्वतःचं काही आहे की नाही?" ते मोठ्याने म्हणाले.

"कुणाला?" मागच्या कॅशच्या पिंजऱ्यातून कॅशियरबाईंनी विचारलं.

"काही नाही, काही नाही." त्यांनी कॅमेरा पालथा घातला.

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा पाहिलं. फोटोच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ होती. रविवार, सकाळचे नऊ. रविवारी नऊ वाजता आपण कुठे असतो? आंघोळीला! आठवडाभराची निवांत आंघोळ ते रविवारी करत, चांगला अर्धा तास. म्हणजे इकडे आपण बादलीत पाणी सोडतो आणि तिकडे हा इसम येऊन आपल्या खुर्चीत बसतो, आपला पेपर वाचतो, आपला चहा पितो. तरीच आंघोळीनंतर रविवारचा पेपर पुन्हा हातात येतो तेव्हा चुरगळलेला असतो!

बायको तशी नाही, हे त्यांना माहीत होतं. तीस वर्षांत तिने त्यांना न विचारता भिंतीला खिळासुद्धा ठोकला नव्हता. पण फोटो होता, आणि फोटो खोटं बोलत नाही या एका तत्त्वावर त्यांनी अख्खी नोकरी केली होती.

पडद्यांच्या फोटोंबरोबर त्यांनी तो एक फोटोही मोठा करून छापायला टाकला. संध्याकाळी घ्यायला गेले तेव्हा ते काउंटरवर वाकून पाकीट चाचपत होते. दुकानदाराने त्यांच्या वाकलेल्या डोक्याकडे पाहिलं, मग हातातल्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाला, "छान आलाय हो. अगदी नैसर्गिक."

"तुमचं मत विचारलं नाही," साहेब फणकारले. दुकानदाराने फोटोंचं पाकीट बंद केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं कामात लक्ष लागेना. समोर येणाऱ्या चेहऱ्यांचा त्यांना काही उपयोग नव्हता. त्यांना हवी होती माणसाची मागची बाजू. इमारतीतला खालचा शेजारी असेल का? मागच्या महिन्यात पंखा दुरुस्त करायला आलेला वायरमन? त्यांनी येताना वाटेत चार-पाच संशयितांच्या मागे मागे चालून पाहिलं. एक जण घाबरून दुसऱ्या गल्लीत वळला. काचेसमोर पहिला पुरुष खातेदार आला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "जरा मागे वळता का?"

"काय?"

"वळा. पाठ करा माझ्याकडे."

खातेदार वळला. डोक्यावर भरघोस केस. "जुळतंय," साहेब निराश होऊन म्हणाले. मग दुसरा. मग तिसरा. चौथे एक निवृत्त मास्तर होते, त्यांनी टोपी घातली होती.

"टोपी काढून वळा."

"का? माझ्या डोक्याच्या मागे खातेनंबर लिहिलाय?"

"नियम आहे."

"पस्तीस वर्षं मी मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं," मास्तर टोपी घट्ट धरून म्हणाले, "आणि आज माझ्यावर ही पाळी!" ते तडक मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

मॅनेजरसाहेबांनी पडताळ्यांना बोलावून घेतलं. "अहो पडताळे, हे वळायला सांगणं काय आहे?"

"पडताळणी, साहेब. फोटोत माणसाची एकच बाजू दिसते. दुसऱ्या बाजूला काय आहे, कुणी सांगावं?" हे बोलताना त्यांचा आवाज इतका खोल गेला होता, की मॅनेजरसाहेबांना वाटलं, हेड ऑफिसचं परिपत्रक आलेलं दिसतंय आणि आपण वाचलेलं नाही. परिपत्रक वाचलं नाही असं हाताखालच्या माणसाला सांगणार कसं? त्यांनी मास्तरांना चहा पाजला आणि दुपारी गुपचूप बाकीच्या काउंटरांनाही सांगून टाकलं. शनिवारी बँकेत जो येईल तो स्वतःभोवती एक गिरकी घेत होता. दारावरच्या वॉचमनने तर उत्साहाने माणसं आत सोडतानाच फिरवायला सुरुवात केली. एक आजोबा चक्कर येऊन बाकावर बसले. पडताळेसाहेब काचेमागून सगळी डोकी बघत होते. त्यांना हवं असलेलं डोकं काही येईना.

या दोन दिवसांत एक वेगळीच गोष्ट त्यांना छळू लागली होती. तो फोटो त्यांच्या खिशातच असे, आणि ते पुन्हा पुन्हा काढून बघत. सुरुवातीला रागाने. पण नंतर नंतर त्यांना त्या माणसाचे खांदे दिसू लागले. किती सैल होते ते! जगात कुणाचंही देणं-घेणं नाही, कुणी आपल्याला तपासत नाही, अशा थाटात तो बसला होता. आपण आपल्याच घरात असे कधी बसलो का? त्यांना आठवेना. आणि तो फोटो काढणारीने नुसतं बटण दाबलं नव्हतं. ती दोन पावलं पुढे आली होती, मग एका बाजूला सरकली होती, ऊन खांद्यावर पडेपर्यंत थांबली होती. आपले फोटो तिने काढले ते सगळे पासपोर्टवर लावण्यासारखे. असा एकही नाही. त्यांना त्या टकल्या इसमाचा मत्सर वाटला, आणि मत्सर वाटला म्हणून स्वतःची कीव आली.

रविवार उजाडला. नऊला पाच कमी असताना त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात खाकरले, न्हाणीघरात जाऊन नळ पूर्ण सोडला, आणि दबक्या पावलांनी बाहेर येऊन बैठकीच्या पडद्यामागे उभे राहिले. पडदा बायकोनेच शिवलेला होता. जरा आखूड झाला होता. खालून त्यांची पावलं दिसत होती.

बायको स्वयंपाकघरातून आली. एका हातात चहाचा कप. दुसऱ्या हातात कॅमेरा. ती गॅलरीच्या दारात थांबली, रिकाम्या खुर्चीकडे तिने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

म्हणजे ती वाट बघतेय! पडताळेसाहेबांनी पडदा मुठीत धरला. तेवढ्यात तिला पडद्याखालची पावलं दिसली.

"अहो! तिथे काय करताय? आणि आत पाणी कोण वाहू देतंय?"

ते पडद्यातून बाहेर आले. "हा चहा कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? तुमच्यासाठी. आज आंघोळीआधीचा चहा राहिला ना."

"आणि कॅमेरा?"

ती एकदम गोरीमोरी झाली. "तो... असाच. ऊन छान पडलंय म्हणून."

तीस वर्षांत ती इतकं वाईट खोटं बोलली नव्हती. ते न्हाणीघरात गेले. बादली भरून वाहत होती आणि पाणी दाराच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. ते त्या पाण्यात बराच वेळ उभे राहिले. दिवसभर त्यांच्यात पडदा लावण्याच्या कड्यांबद्दल सोडून एक शब्द झाला नाही.

सोमवारी त्यांना असह्य झालं. त्या इसमाचे आणखी फोटो निघू नयेत म्हणून निघताना त्यांनी कॅमेराही खिशात टाकला होता. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि बँकेत तोंडाने फटकळ पण पोटात गोष्ट ठेवणारी एकच व्यक्ती होती. दुपारी ते कॅशच्या पिंजऱ्यापाशी गेले आणि फोटो जाळीच्या फटीतून आत सरकवला.

"बाई, ही गोष्ट आपल्या दोघांतच राहू द्या. या माणसाला कुठे पाहिलंय का?"

कॅशियरबाईंनी नोटा मोजायचं थांबवून फोटो पाहिला. "पाहिलंय म्हणजे? रोज बघते."

साहेबांनी जाळी धरली. "रोज? कुठे?"

"इथेच."

"बँकेत येतो? इतका निर्लज्ज आहे?"

"निर्लज्ज नाही हो. जरा खडूस आहे, पण मनाने बरा आहे."

"तुम्ही बोललाय त्याच्याशी?"

"आत्ताच बोलतेय की," कॅशियरबाई म्हणाल्या.

पडताळेसाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. बाईंनी एक सुस्कारा सोडला. "कॅमेरा आणलाय का? द्या इकडे. आता वळा."

"मी?"

"चार दिवस अख्ख्या गावाला वळवताय. एकदा स्वतः वळा."

ते वळले. मागे 'झुईं' झालं. भिंग बाहेर आलं, आणि पहिल्यांदाच त्यांना ताठ व्हायचं सुचलं नाही. बाईंनी कॅमेरा आणि फोटो दोन्ही शेजारी शेजारी धरून जाळीतून बाहेर दिले.

"जुळवा," त्या म्हणाल्या.

पडताळेसाहेबांनी जुळवलं. बशी जुळत होती. झालर जुळत होती. डाव्या कानामागचा तीळ जुळत होता. असा तीळ आपल्याला आहे हेही त्यांना तेव्हाच कळलं.

"हे... कधीपासून?"

"मी या पिंजऱ्यात आले तेव्हा रुपयाएवढं होतं."

"आणि कुणी मला सांगितलं नाही?"

"आता यात सांगायचं काय? ज्याचं डोकं त्याला माहीत असणार!"

पण त्यांना माहीत नव्हतं. न्हावी दर महिन्याला मागून आरसा धरायचा, "बघा साहेब," म्हणायचा, आणि तेव्हा त्यांचा चष्मा समोरच्या फळीवर असायचा. धूसर काहीतरी दिसायचं आणि ते "छान" म्हणायचे. ते खुर्चीत येऊन बसले. बायकोला, मुलीला, बाईंना, वॉचमनला, त्या फोटोवाल्याला, सगळ्यांना जो माणूस ठाऊक होता तो त्यांनी स्वतः कधी पाहिलाच नव्हता. आणि पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्याच्या पाठीस लागले होते.

मॅनेजरसाहेबांकडे जाऊन त्यांनी सांगितलं, की वळवण्याची पद्धत आता बंद करायला हरकत नाही.

"नवं परिपत्रक?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"हो," पडताळेसाहेब म्हणाले. मॅनेजरसाहेबांनी, आपणही तेच वाचलंय अशी मान हलवली.

संध्याकाळी घरी बायको शिलाई मशीनवर बसली होती. त्यांनी तिच्यासमोर फोटो ठेवला. तिचा पाय थांबला.

"अगं बाई! हा पण छापलात? म्हटलं होतं ना, बाकीचे माझे आहेत."

"का काढलास?"

"लेकीने मागितला. फोनवर म्हणाली, बाबांचा फोटो पाठव, पण ते पोलीस ठाण्यातल्यासारखे नकोत. मी शाळेत असताना झोपेतून उठून बाहेर आले की गॅलरीत बाबांची पाठ दिसायची, तसा पाठव. म्हणून मग रोज बघत होते, कधी जमतं ते. तुमच्या नकळत काढायचा तर मागूनच काढायला हवा. ते 'झुईं' ऐकलंत की तुम्ही लगेच बँकेत जाता."

"पण त्यावर नऊची वेळ आहे. नऊला मी आंघोळीला असतो."

"ते घड्याळ तासभर पुढे आहे. बॅटरी काढली तेव्हापासून. नीट कसं करायचं मला येत नाही." ती त्यांच्याकडे पाहू लागली. "थांबा. तुम्हाला काय वाटलं? कोण आहे असं वाटलं?"

पडताळेसाहेबांनी सगळं सांगितलं. नळाचं, पडद्याचं, मास्तरांचं, गिरक्यांचं. ती आधी रागावली. इतकी, की कात्री खाली आपटली. "माझ्यावर संशय! तोही बनियनमधल्या टकल्याचा!" मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

"मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "रोज पुढचे केस विंचरताना किती खूश असता. म्हटलं, मागचं मनाला लावून घेत नाहीत, किती चांगलं!"

ते मशीनशेजारच्या स्टुलावर बसले. "एक विचारू? तो माणूस सुखी दिसतो. खरंच असतो का?"

तिने फोटो उचलून उजेडात धरला. "रविवारी असतो," ती म्हणाली. "सोमवारी बूट घातले की जातो."

दुसऱ्या दिवशी बूट घालून पडताळेसाहेब बँकेत गेले, पण मन हलकं होतं. काचेपलीकडची माणसं त्यांना वेगळी दिसत होती. ज्यांना स्वतःची एकच बाजू ठाऊक आहे अशी, बिचारी. अकराच्या सुमारास एक वयस्क बाई आल्या. पासबुकावरचा फोटो फार जुना होता. फोटोतली बाई नाजूक, लांबट चेहऱ्याची. समोरच्या बाईंचा चेहरा गोल, गालावर मस. एरवी त्यांनी तिथल्या तिथे नवा फोटो आणायला धाडलं असतं. आज त्यांनी फोटो पाहिला, बाईंना पाहिलं, आणि त्यांना काळाचं, वयाचं, माणसाच्या आत बसलेल्या न बदलणाऱ्या कशाचं तरी भान आलं. त्यांचे डोळे किंचित ओलावले.

"जुळतंय," ते हळुवारपणे म्हणाले, आणि त्यांनी शिक्का मारला.

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "काय जुळतंय?"

"तुमचा फोटो. वय झालं तरी माणूस तोच असतो."

"अहो, हा माझ्या जावेचा फोटो आहे!" बाई कडाडल्या. "तिचे गुडघे धरलेत म्हणून नुसतं पासबुक भरून न्यायला आले मी. चाळीस वर्षं एका घरात काढली, पण मी तिच्यासारखी दिसते असं म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती! बोलवा तुमच्या मॅनेजरला!"